सेमी-अकूस्टिक गिटार स्पीकरवर पातळ का वाटते, आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी

तुमची अडचण अशी: सेमी-अकूस्टिक गिटार, म्हणजे तारांच्या हालचालीची वीज करणारा पिकअप बसवलेली अकूस्टिक, घरी तशीच वाजवली की भरीव, गोड लागते. तीच कॅफेतल्या मिक्सरला जोडली की पातळ आणि टोचरी होते. जोरात स्ट्रम केलं की प्रत्येक फटक्यावर ‘क्वॅक’ असा नाकातला आवाज येतो. सुगम संगीताच्या कार्यक्रमात तबल्याच्या बरोबरीने आवाज वाढवायला गेलं की ती घुमायला लागते. पिकअप बदलू, पेडल घेऊ की गिटारच बदलू, असं तुम्ही विचारलं आहे. मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, स्वतः गिटारही वाजवतो, आणि नेमकी हीच तक्रार घेऊन येणारे वादक मला सतत भेटतात. माझं म्हणणं असं की तिन्हींपैकी काहीही विकत घेण्याआधी तारेपासून स्पीकरपर्यंतचा एकेक टप्पा तपासा, आणि सुरुवात तारेच्या टोकाकडून करा. तिथे राहिलेला दोष पुढे ईक्यूने (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या कळांनी) किंवा पेडलने झाकता येतो, काढता येत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गिटारच्या कडेला प्रीअँपचा (पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) डबा आणि बॅटरी आहे का, तुम्ही बोटांनी वाजवता की पिकने, एकटे गाता की तबला-हार्मोनियमच्या सोबतीला असता, यावर उत्तर बदलतं. तुम्ही कडेला स्लायडर असल्याचं लिहिलं आहे, म्हणजे बॅटरीवर चालणारा प्रीअँप आहे आणि पिकअप बहुधा सॅडलखालचा पिएझो. तसं धरूनच पुढचं लिहितो.

आधी हा पिएझो काय ‘ऐकतो’ ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ब्रिजमधल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे सॅडलला, तारा खाली दाबून धरतात. सॅडलच्या तळाशी पिएझोची एक बारीक पट्टी असते. तार हलली की दाब कमी-जास्त होतो आणि त्या दाबाची वीज होते. घरी तुमच्या कानावर येतो तो आवाज मात्र वरच्या फळीचा, पोकळीतल्या हवेचा, खोलीच्या भिंतींचा असतो, आणि यातलं पिएझोपर्यंत फार थोडं पोचतं. शिवाय पिकचा तारेवरचा पहिला आघात हवेत येईपर्यंत फळीमुळे बराच मऊ होतो. सॅडलखाली तो जसाच्या तसा, धारदार पोचतो. क्वॅकचं मूळ तिथे आहे.

मग सगळे हाच पिकअप का वापरतात? मंचावरच्या गोंगाटात माइकपेक्षा तो कितीतरी कमी घुमतो, आणि कारखान्यात बसवायला सोपा आहे. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामान यांनी १९६६ साली ओव्हेशन ही गिटार कंपनी काढली. तिच्या सॅडलमधल्या पिएझोमुळे ही पद्धत मोठ्या मंचांवर रुळली आणि पुढे स्वस्त गिटारींपर्यंत उतरली. तेव्हा तुमच्या गिटारमध्ये काही कमअस्सल बसवलंय असं समजू नका. या जातीच्या पिकअपची एक मर्यादा आहे आणि तिच्याशी जुळवून घेता येतं.

आता सॅडल. इथे मी तुम्हाला सगळ्यांत जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. गिटार मिक्सरला जोडा, सगळे स्लायडर मध्यावर ठेवा, हेडफोन लावा आणि सहाही तारा एकेक करून सारख्याच जोराने छेडा. एखादी तार खाली पडते का? एखादीच अंगावर येते का? असं असेल तर सॅडलचा तळ पिएझोवर सगळीकडे सारखा टेकलेला नाही. तळाला किंचित बाक असतो, खाचेत लाकडाचा भुसा राहिलेला असतो, किंवा तारा उंच करायला कोणीतरी खाली कागदाची घडी सरकवलेली असते. त्या घडीवर दाब मऊ पडतो आणि खर्ज निघून जातो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीची वरची बाजू ज्या निगुतीने घासतो, तेवढीच निगुती इथे सॅडलच्या खालच्या बाजूला लागते. तारा सैल करा आणि सॅडल हळूच वर काढा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा तळ त्यावर सरळ उभा धरून घासा. तळावर आधी पेन्सिलने रेघा मारून ठेवा. सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला. जास्त घासू नका, तारांची उंची कमी होते आणि मग त्या फ्रेटवर खडखडतात. सॅडल खाचेत बोटाने सरकवत बसली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर ती कडांना अडकते आणि दाब खाली पोचत नाही. डुलत असेल तर पुढे कलते. खालची पट्टी आणि तिची वायर नाजूक असते, तिला वाकवू-ओढू नका. हात धजत नसेल तर चांगल्या गिटार दुरुस्तीवाल्याकडे द्या. नव्या पिकअपच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. प्लास्टिकची सॅडल असेल तर त्याच वेळी हाडाची करून घ्या. फरक जादूचा नसतो, पण हाडाची सॅडल कडक असते आणि तिचा तळ सपाट राहतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. दमट हवेत वरची फळी फुगते, ब्रिजच्या मागे पोट येतं, तारा उंच होतात आणि सॅडलची बैठक बदलते. मे महिन्यात जुळवलेली गिटार ऑगस्टमध्ये वेगळी वाजली तर नवल नाही. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर गिटार सुखात असते. आपल्याकडे पावसात ते घरभर साधणं कठीण आहे, म्हणून गिटार कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या साध्या तारा भराभर गंजतात, त्यांना कोटिंगच्या तारा परवडतात. तुम्हाला क्वॅकचाच त्रास जास्त असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तारा बदलू नका. कोऱ्या तारांची चमक पिएझोवर दुप्पट टोचते. एक-दोन दिवस वाजवून त्या बसू द्या.

सॅडलनंतर बॅटरी. कडेच्या प्रीअँपला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, आणि बहुतेक गिटारींमध्ये केबलची पिन आत घातली की प्रीअँप चालू होतो. म्हणजे रात्रभर पिन आत राहिली तर रात्रभर बॅटरी खर्च होते. उतरलेली बॅटरी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ती फसवते. हळू वाजवलं तर ठीक, जोरात स्ट्रम केलं की आवाज फाटतो. पिएझोतून येणारा तो पहिला आघात विजेच्या दृष्टीने फार मोठा असतो आणि कमी व्होल्टेजवर प्रीअँपला तो पेलत नाही, त्याचं टोक छाटलं जातं. ते छाटलेलं टोकसुद्धा क्वॅकमध्ये मिसळलेलं असतं. मीटरने मोजा. मी ८ व्होल्टच्या खाली आलेली बॅटरी मंचावर नेत नाही. नवी अल्कलाइन बॅटरी घाला, आणि गाणं संपलं की पिन काढायची सवय लावा.

आता इम्पीडन्स, म्हणजे पिकअपला पुढचं यंत्र किती ‘ओढतं’ ही बाब. तुमच्या गिटारमध्ये प्रीअँप असल्यामुळे हा प्रश्न आतच सुटलेला आहे. तरी लिहितो, कारण बाजारात प्रीअँपशिवायचे, बॅटरी न लागणारे पिएझोही मिळतात आणि लोक ते सरळ मिक्सरला जोडतात. पिएझो विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर असतो. तो ५०० पिकोफॅरडचा धरला आणि १ मेगओहमच्या इनपुटला लावला, तर सुमारे ३१८ हर्ट्झच्या खालचा आवाज उतरायला लागतो. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झची आणि सर्वांत बारीक ३३० हर्ट्झची असते, म्हणजे सहापैकी पाच मोकळ्या तारांचा मूळ स्वर त्या उतारावर येतो. तोच पिएझो १० मेगओहमच्या इनपुटला लावला तर उतार ३२ हर्ट्झवर जातो आणि सगळा खर्ज शाबूत राहतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला, जो साधारण १० किलोओहमचा असतो, लावला तर ऐकू येणारी सगळी पट्टीच उतारावर सापडते आणि नुसती खरखरीत वरची बाजू हाती लागते. अशा पिकअपला पिएझोसाठीचा प्रीअँप किंवा मोठ्या इम्पीडन्सचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला नीट जोडणारी छोटी पेटी) लागतोच, ईक्यूने ते भरून निघत नाही. प्रीअँपशिवायच्या पिएझोला लांब केबलही नको. केबल मीटरला शंभरेक पिकोफॅरडची असते, त्यामुळे पाच मीटरमध्येच सिग्नल निम्मा होतो आणि केबल हलली तरी खुडखूड ऐकू येते.

तुमच्यासारख्या, प्रीअँप असलेल्या गिटारला साधा पॅसिव्ह (वीज न लागणारा) डीआय बॉक्स पुरतो. त्याचा उपयोग टोन सुधारण्यापेक्षा लांब अंतरावर गुणगुण न येता सिग्नल पोचवण्याचा आहे. मंगल कार्यालयांत अर्थिंगचा भरवसा नसतो आणि लाइटिंगची वायर साउंडच्या वायरशेजारून गेलेली असते. तिथे ५० किंवा १०० हर्ट्झची ती गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. गुणगुण घालवण्यासाठी अँपच्या किंवा मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू देऊ नका, साउंडवाला कितीही आग्रह करो. तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असतात. त्या दोहोंमध्ये विजेचा फरक असेल तर जिवावर बेतू शकतं.

आणखी एक तपासा: तुम्ही कोणत्या पेटीतून ऐकता? इलेक्ट्रिक गिटारच्या अँपमध्ये ट्वीटर नसतो आणि ५ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज झपाट्याने खाली येतो. त्यावर अकूस्टिक गिटार डबक्यात बुडाल्यासारखी लागणारच. अकूस्टिक अँप, कीबोर्डचा अँप किंवा ट्वीटर असलेला साधा पॉवर्ड स्पीकर घ्या.

हे सगळं पाहून झाल्यावरच ईक्यूला हात लावा. इथपर्यंतचा क्रम एकदा धरून ठेवा: सॅडल, तारा, बॅटरी, मग जोडणी आणि स्पीकर. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रार इथेच हलकी होते.

ईक्यूत बहुतेक वादक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे बेस आणि ट्रेबलचे स्लायडर वर. घरी, हळू आवाजात, ते खरंच छान वाटतं, आणि त्याला कारण आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. हॉलमध्ये आवाज मोठा झाला की कान ती तूट भरून काढतो, आणि घरी वर केलेला बेस घुमायला लागतो, ट्रेबल टोचायला लागतं. म्हणून घरचं सेटिंग मंचावर नेऊ नका. गिटारवरचे सगळे स्लायडर मध्यावर, गिटारचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, आणि बाकीचं काम मिक्सरवर. गिटारवर वाढवायचं आणि मिक्सरवर कापायचं, असं दोन्हीकडे चालू राहिलं की काय कुठे बिघडतंय ते कळेनासं होतं.

मिक्सरवर मी आधी लो-कट, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर, लावतो. एकटा गिटार-गायक असेल तर ८० हर्ट्झच्या आसपास. तुमच्या सुगम संगीतात मात्र डग्गा आहे, आणि त्याचा घुमार खालची जागा व्यापून बसतो. तिथे गिटारचा खर्ज ऐकू येत नाहीच, उलट दोन्ही मिळून चिखल होतो. अशा वेळी मी १२०, कधी १५० हर्ट्झपर्यंत कापतो. एकट्याने ऐकली तर गिटार बारीक वाटेल; तबला आणि हार्मोनियम सुरू झाले की ती जागेवर बसते. हार्मोनियम मधली पट्टी भरून टाकते, त्यामुळे त्या मेळात गिटारकडून आपल्याला हवी असते ती लयीची स्पष्टता आणि वरची थोडी चकाकी. वादकाला हे पटवणं मला दर वेळी अवघड जातं, कारण त्याला त्याची गिटार घरच्यासारखी हवी असते. एकदा मित्राला तुमची गिटार वाजवायला द्या आणि स्वतः हॉलच्या मध्यावर उभं राहून सगळा मेळ ऐका. मंचावरून तुम्हाला जे ऐकू येतं त्यावर टोनचा निर्णय घेऊ नका.

क्वॅकचा उपद्रव बहुधा १ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये असतो. मिक्सरला मिड स्वीप (मधल्या पट्टीतला कुठला भाग धरायचा ते ठरवणारी कळ) असेल तर मिड थोडा वाढवून स्वीपची कळ हळूहळू फिरवा, स्ट्रम करत राहा, आणि जिथे आवाज सगळ्यांत किळसवाणा लागतो तिथे थांबून ३ ते ६ डेसिबल कापा. लाकडी ढबढब असेल तर तीच युक्ती २०० हर्ट्झच्या आसपास करा. स्वीप नसेल, नुसती तीन बटणं असतील, तर मिड थोडा खाली आणि ट्रेबल किंचित खाली, एवढंच. आवाजात हवा यावी म्हणून लोक ट्रेबल वाढवतात, पण टोचणारा भाग कापला की हवा आपोआप ऐकू यायला लागते. वरून चिमूटभर रिव्हर्ब (खोलीसारखा प्रतिध्वनी) द्या, कारण पिएझोने जी खोली ऐकलीच नाही ती थोडी तरी परत द्यावी लागते. स्ट्रमिंग आणि प्लकिंग एकाच गाण्यात असेल तर २:१ किंवा ३:१ इतका सौम्य कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) लावा; त्याहून जास्त दाबलं की आवाजातला जीव जातो आणि गिटार लवकर घुमते.

यात तुमच्या उजव्या हाताचा वाटा मोठा आहे. पिएझो आघाताला फुगवतो, म्हणून स्पीकरवर वाजवताना घरच्यापेक्षा हलक्या हाताने वाजवा आणि मोठा आवाज स्पीकरला काढू द्या. अगदी पातळ पिकची टिकटिक क्वॅकमध्ये भर घालते. ०.७३ किंवा ०.८८ मिलिमीटरची पिक घेऊन साउंडहोलच्या जवळ स्ट्रम करून पाहा. ब्रिजकडे हात सरकला की आवाज टणक होतो.

आता घुमणं. साध्या ड्रेडनॉट (नेहमीच्या मोठ्या अंगाच्या) गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच गाते, आणि वरची फळी त्याच्या साधारण दुप्पट कंपनसंख्येवर. स्पीकरचा आवाज गिटारवर येऊन आदळतो, पोकळी हलते, पिकअप ते उचलतो, आणि चक्र सुरू होतं. साउंडहोलवर बसणारं रबरी झाकण फार स्वस्त आणि फार उपयोगी आहे. ते लावल्यावर न जोडलेल्या गिटारचा आवाज बसतो, पण प्रेक्षकांना तर स्पीकरच ऐकू येतो. प्रीअँपवर फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर ते दाबून पाहा. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ असते, म्हणून पावणेदोन मीटर सरकलात तरी उलटाचं सुलट होतं. फेजचं कोणतं सेटिंग बरोबर हे तुम्ही उभे कुठे आहात त्यावर ठरतं आणि दर हॉलमध्ये नव्याने पाहावं लागतं. नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टी कापणारा) असेल तर तो घुमणाऱ्या सुरावर आणा. मुख्य स्पीकर तुमच्या पुढे असू द्या, मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) गिटारच्या तोंडावर नको. आणि मॉनिटरमध्ये गिटारचा बेस कमीच ठेवायला सांगा. स्वतःचं सुरात वाजतंय हे कळायला मधली पट्टी पुरते.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर खर्चाकडे वळायला हरकत नाही. पण तेव्हा काय कमी पडतंय हे तुम्हाला नेमकं सांगता येईल, आणि खरेदी त्यावरच ठरेल. एकट्याने, शांत जागी, बोटांनी वाजवत असाल तर ब्रिजच्या खाली आतून चिकटवायचे पिकअप, उदाहरणार्थ के अँड के प्युअर मिनी, पिएझोच असूनही फळीचा आवाज घेतात आणि गोड लागतात. मोठ्या आवाजात मात्र ते लवकर घुमतात. ड्रम, बेस गिटार आणि मोठा मंच असेल तर साउंडहोलमधला मॅग्नेटिक पिकअप, जसा फिशमन रेअर अर्थ, जास्त तग धरतो. त्याचा आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो, कारण त्याला फक्त तारेतलं पोलाद जाणवतं, वरचं ब्राँझचं वेटोळं नाही. सॅडलचा पिकअप आणि आतला माइक एकत्र मिसळणारे, एलआर बॅग्ज अँथमसारखे, कानाला सगळ्यांत खरे वाटतात, पण महाग पडतात आणि बसवायला हात चांगला लागतो.

गिटारला भोक न पाडता बदल हवा असेल तर आयआरचं (इम्पल्स रिस्पॉन्सचं) पेडल हा पर्याय मला हल्ली जास्त आवडतो. माइकने टिपलेल्या गिटारचा आणि पिएझोचा आवाज यांतला फरक गणिताने साठवून ते तुमच्या सिग्नलला लावतं, आणि पोकळी-फळीचा हरवलेला भाग बऱ्यापैकी परत येतो. पूर्ण शंभर टक्के आयआर ठेवू नका. निम्म्याच्या आसपास मिसळा, नाहीतर तोही घुमण्याला आमंत्रण देतो. कॅफेत एकट्याने गाताना हा फरक कोणालाही जाणवेल. तबला आणि हार्मोनियमच्या भरलेल्या मेळात तो बराचसा विरघळून जातो, म्हणून तुमचे जास्त कार्यक्रम सुगम संगीताचे असतील तर हे पैसे आधी चांगल्या डीआय बॉक्सवर आणि साउंडहोलच्या झाकणावर घाला.

गिटार बदलण्याचा विचार तूर्त सोडा. न जोडता ती गोड वाजते असं तुम्हीच लिहिलं आहे, आणि तशी गिटार मिळणं हेच अवघड असतं. सहा तारांची हेडफोनची चाचणी करून कुठली तार पडते ते कळवा, सोबत प्रीअँपचा मॉडेल नंबर आणि बॅटरीचं मोजमाप लिहा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.